काकपद

प्रुफं आली. शताब्दी स्मरणिका, पानं चौसष्ट.
बिशपसाहेबांचा संदेश, देणगीदारांचे फोटो,
पान नऊवर संस्थेचा इतिहास.
मला फक्त ऱ्हस्वदीर्घ बघायला सांगितलंय.
बुधवारातल्या छापखान्यात छत्तीस वर्षं तेच केलं,
आता इथं, खोली सात,
खिडकीबाहेर घोरपडीचे रूळ.

पान नऊ म्हणतं : १९२४ साली जर्मनीहून आलेल्या
सिस्टर इंगेबोर्ग यांनी दोन खोल्यांत,
चार निराधार वृद्धांसह हे कार्य आरंभिले.
बरोबर. पण इंगेबोर्ग तिला कुणी म्हटलंच नाही.
ती इंगाबाई. मराठी शिकली ती म्हाताऱ्यांकडून,
म्हणून पाद्रीसाहेबांना 'अरे' म्हणायची
आणि मांजरीला 'या, बसा'.
हॉलमध्ये लूथरचं चित्र : गुबगुबीत चेहरा, काळी टोपी.
सलोमीबाई भांबळांना मरेपर्यंत वाटत होतं
की हे इथले डॉक्टर,
नुसते बघतात, औषध देत नाहीत.
हे पान नऊवर नाही. जागा पुरली नसेल.

ओळ सतरा : 'सन १९४० ते १९४६ या काळात
संस्थेचे कार्य खंडित होते.'
व्याकरण शुद्ध. वेलांट्या जागच्या जागी.

पोलीस आले तेव्हा इंगाबाई
कुणाच्या तरी पायाची नखं कापत होती.
जर्मन, म्हणजे शत्रू. पुरंदरावर नेऊन ठेवली.
राहिलेली तीन बोटं
तुळसाबाई स्वयंपाकिणीनं कापली.
मिशनच्या पेटीला सील. नोंदवही त्या तारखेला थांबते,
वाक्याच्या मध्येच.

परवा लिफ्टसाठी कोठीची भिंत पाडली.
तिचं दार, आतल्या बाजूनं, रंगाचे चार थर
अमोस ओहोळ सुतारानं खरवडले
आणि मला हाक मारली, 'काका, हे काय लिहिलंय?'
लिहिलेलं काही नव्हतं. खिळ्यानं ओढलेल्या रेघा.
तुळसाबाईला अक्षर येत नव्हतं, हिशेब येत होता :
दुधाचा रतीब, महिन्याला एक ओळ,
माणशी एक रेघ.
अकरा. अकरा. अकरा.
मग दहा, आणि कडेला छोटा क्रूस.

दोन दुपारी भिंग लावून वाचत बसलो.
असलं प्रूफ जन्मात हातात पडलं नव्हतं.
पैसा कुठला? शेजारच्या खोलीतल्या युनिसबाईंची आई सांगायची :
कॅम्पातून सोजिरांचे सदरे यायचे, गठ्ठ्यानं.
ज्यांना दिसायचं त्या सुया ओवायच्या,
ज्यांना दिसत नव्हतं त्या बटणं टाचायच्या.
एकदा सगळी बटणं उलटी लागली
आणि लष्करानं काही म्हटलं नाही,
लढाई चालूच राहिली.

दहा. नऊ. कितीतरी ओळी नऊ.
आणि पार खाली, बिजागरीपाशी,
दहा.

मी पुन्हा मोजलं. अमोसला मोजायला लावलं.
दहाच.
बंद पडलेल्या संस्थेत कुणीतरी दाखल झालं होतं,
अर्ज नाही, शिफारस नाही, डिपॉझिट नाही.
कोण, कुठली, कुणी आणून सोडली की आपणच आली,
खिळा सांगत नाही.
नऊजणी थोड्या सरकल्या असतील, एवढंच कळतं.
पुढच्या महिन्यातही दहा.

इंगाबाई परतली नाही. बोटीनं परस्पर हँबुर्गला धाडली.
पान नऊ तेवढ्यात सत्तेचाळीसवर,
नवी कमिटी, पदाधिकाऱ्यांची नावं.

सेक्रेटरी रत्नपारखी म्हणतात,
काका, रेघा म्हणजे पुरावा नव्हे,
उद्या फॉर्म मशीनवर चढतोय.
खरंय. शिवाय मला ऱ्हस्वदीर्घच बघायला सांगितलंय.

'खंडित' आणि 'होते' यांच्या मधे
लाल पेन्सिलीनं काकपद काढलं :
इथं काहीतरी राहिलंय.
समासात काय लिहावं ते अजून सुचलेलं नाही.
चार वाजले. खाली कपबश्या मांडतायत.
सध्या आम्ही एकतीस.