आज राज्य कुणावर

घणसोली, सेक्टर सात, झेरॉक्सच्या दुकानावर पहिला मजला.
साडेचारला मी कुलूप काढते,
गाद्या झटकते, पंखा दोनवर ठेवते.
तीनवर गेला की तनुष कान झाकून घेतो.
मग परातीत दोन किलो कोलम ओतते.
हा तांदूळ शिजायचा नाही,
ह्यात अकरा कवड्या लपवायच्या.
मिस्बाह आधी बोटांची टोकं घालते,
मग मनगट, मग कोपरापर्यंत हात,
आणि तिच्या खांद्यांवरून दिवसभराची शाळा
सावकाश खाली उतरते.

हर्षलाताई शिकून आल्यात,
त्यांच्या वहीत एकेका खेळाला भलं मोठं नाव आहे.
मी सातवी पास, मला नावं राहत नाहीत.
डब्याच्या काठाला कपड्यांचे चिमटे लावले
की पुढे पेन्सिल धरता येते म्हणे.
पटायला मला वर्ष लागलं.
वर्षानं केतकीनं पेन घेऊन
माझ्या मनगटावर एक आडवी रेघ ओढली.
दोन दिवस मी भांडी डाव्या हातानं घासली.

खोली दहा बाय चौदा. पळायला जागा कुठली?
म्हणून आमची पकडापकडी गुडघ्यांवर चालते.
सगळे रांगतात, ताईसुद्धा,
माझे गुडघे कुरकुरतात ते मुलांना आवडतं.

विहंग नऊ वर्षांचा.
त्याची आई पहिल्या दिवशी म्हणाली होती,
सोसायटीतली मुलं चांगली आहेत हो,
घेतात त्याला खेळायला.
फक्त आउट करत नाहीत.
लिंबूटिंबू.
रोज संध्याकाळी पार्किंगमध्ये
तो जिवाच्या आकांतानं पळतो
आणि मागे कुणीच नसतं.

ऐकून मी फडकं पिळत राहिले.
मला बाळाराम आठवला, चुलत्याचा.
ह्या इमारतींच्या जागी आमची भाताची खाचरं होती,
बांधावर तो बसायचा, आमच्या चपला राखत.
दहा जोड. एकही कधी हरवला नाही.
आम्हाला वाटायचं, त्याला खेळायला घेतलंय.

तर परवाची गोष्ट.
राज्य तनुषवर होतं.
तनुष, जो कुणाला शिवत नाही,
ज्याला टॉवेलचासुद्धा काठच तेवढा चालतो,
तो रांगत रांगत विहंगच्या मागे गेला,
थांबला,
एक बोट पुढे केलं
आणि त्याच्या पाठीला लावून पटकन मागे घेतलं,
तापलेला तवा बघावा तसं.

आउट, ताई म्हणाल्या. अगदी हळू.

विहंग जागीच.
मला वाटलं आता रडणार, मी पाण्याची बाटली शोधू लागले.
तो मान वळवून वळवून
स्वतःची पाठ बघायचा प्रयत्न करत होता.
मग म्हणाला, माझ्यावर राज्य?
ताईंनी मान हलवली.
माझ्यावर राज्य, त्यानं पंख्याला सांगितलं.
परातीला सांगितलं.
खिडकीत तोंड घालून
खाली झेरॉक्सवाल्या गुप्तेंना सांगितलं,
ते कुणाचं तरी आधारकार्ड काढत होते,
म्हणाले, बरं.

त्यानंतर त्यानं कुणालाच पकडलं नाही.
केतकी समोर येऊन बसली, हात पुढे करून,
तरी नाही.
मिस्बाह कंटाळून तांदळाकडे गेली.
ताईंनी तीनदा सांगितलं, आता तू कुणाला तरी दे.
तो दोन्ही हात पाठीमागे धरून
खोलीभर गुडघ्यांवर फिरत होता,
देतोय कशाला!

सहाला आई आली, हेल्मेट काखेत.
काय रे, काय खेळलात?
तो बूट घालण्यात गुंतलेला, उजवा डाव्यात.
मी काही बोलले नाही. त्याचं त्यानं सांगावं.
जिना उतरताना
पहिल्या वळणापर्यंत तर काही ऐकू आलं नाही,
पुढचं रिक्षांच्या आवाजात गेलं.

मी केर काढला, तांदूळ चाळला.
कवड्या दहाच भरल्या.
अकरावी मिस्बाहच्या मुठीतून रबाळ्याला गेली असणार,
मागच्या आठवड्यातही गेली होती, आली परत.
गाद्या उभ्या केल्या, पंखा बंद.
फळ्यावर ताईंनी उद्याचं लिहून ठेवलेलं,
चिमटे, मणी, पकडापकडी,
आणि त्याखाली खडूनं,
राज्य: विहंग.
ते मी पुसलं नाही.