कडेवरचं नाव

खंडेनवमीला विळ्या-कोयत्यांशेजारी
पाटावर बसायचं ते पदक.
आजोबा म्हणायचे, "सुबानाचं. बसऱ्याला गेलता."
झेंडूखाली राजाचा मुखडा,
घासून घासून नाक झिजलेला.

यंदा कडेला लिंबू चोळलं.
शंभर वर्षांचं कुंकू सुटलं, आकडा निघाला,
पुढं इंग्रजी अक्षरांत
रायनाक भिवनाक.

दप्तरखान्यात नेर्लेकर सरांनी
मोडीच्या वळणांवर पेन्सिल फिरवत वाचलं,
"सुबाना बिन रामजी, मौजे शिरोळ, खेचरांकडे नेमणूक.
पदक पोचले. निशाणी अंगठा."
चार ओळी खाली
"रायनाक बिन भिवनाक, तापाने मयत.
वारस हजर झाला नाही."
झाला नाही,
की कचेरीच्या पायरीवरनं परत फिरला,
ते कुठल्याच लिपीत नव्हतं.

सुबानाचं चांदीचं, गुजरीत वजनावर गेलं असेल,
कुणा आत्तीची जोडवी झाली असतील.
पण हे आमच्या पाटावर कसं?
दिलं? ठेवायला दिलं? घेतलं?
एवढी तीन क्रियापदं घेऊन
मी रंकाळ्याकडनं चालतच घरी आले.

वडलांनी पदक तळहातावर तोललं. बराच वेळ.
मग म्हणाले,
"जित्तेपणी ह्याला सोप्यात चढू दिला नसता आपल्यांनी."
आणि चहा निवल्यावर, माझ्याकडं न बघता,
"शिरोळात त्यांचं कोण ऱ्हायलंय, बघाय पायजे."

सकाळची साडेसहाची एस.टी. आहे.
पदक रुमालात बांधलंय.
गाठ मारताना कडेवरचा आकडा
बोटाला लागला.