चोविसात एक

हॅरिएट व्होल्डनच्या खानावळीत
काउंटरमागे एक काळा फळा आहे.
नोव्हेंबरात त्यावर पदार्थांचे दर राहत नाहीत,
फक्त आठ कॉलेजं, जिंकले-हरले,
आणि तिच्या हातचे वाकडे बाण.

सेंट वेंडलिन पाच-एक. आम्ही चार-दोन.
मिलर्स प्रेअरी चार-दोन.
तळाकडे ऑल्ब्रेख्ट, दोन-चार,
ज्यांचं नाव या गावात तोंडातला घास गिळल्यावरच घेतात.

“बाई, तुम्ही गणिताच्या,” हॅरिएट म्हणाली,
“सांगा, आपण पुढे जातो का?”
आयोवातल्या या एवढ्याशा गावात
नऊ वर्षांत पहिल्यांदाच कुणी मला
माझ्या विषयातलं काही विचारलं.

मी खडू घेतला.
जर आपण शनिवारी जिंकलो.
जर ऑल्ब्रेख्टनं वेंडलिनला हरवलं.
एवढ्यानं भागत नाही. दोघंच बरोबरीत आले तर
वेंडलिननं आपल्याला सप्टेंबरात लोळवलंय, तेच जातील.
म्हणून मिलर्सही जिंकायला हवेत.
त्यांनी वेंडलिनला, आपण त्यांना, वेंडलिननं आपल्याला,
तिघांच्या शेपट्या तिघांच्या तोंडात.
गुंता पुरा झाला तरच आपण सुटतो,
आणि मग नियम अकरा:
टोपीत तीन चिठ्ठ्या.

मला आमच्याकडची म्हण आठवली,
आत्याबाईला मिशा असत्या तर.
इंग्रजीत सांगून पाहिली. कुणी हसलं नाही.
“असत्या तर काय?” लायलनं विचारलं,
मक्याचा भुसा अजून बाहीवर, चेहरा गंभीर.

चोविसात एक, मी म्हणाले,
सगळं निम्मं-निम्मं धरलं तर.
हॅरिएटनं आकडा दोनदा गिरवला,
जणू चांगली बातमी.

एक जर मी फळ्यावर लिहिला नाही.
कोल्बी स्ट्रँड, किक मारणारा पोरगा,
माझ्याच वर्गात, शेवटून दुसऱ्या बाकावर.
शुक्रवारी पाचच्या आत त्याचे साठ भरले नाहीत
तर शनिवारी तो कोट घालून कडेला उभा.
भरत होते एकोणसाठ.
मी तीनदा बेरीज केली.

प्रश्न सहा: सात वेळा छापा पडला. आठव्यांदा?
“निम्मी शक्यता. नाण्याला आठवण नसते.”
आणि खाली, पेन्सिलीनं, पुसट,
“मला असते.”
दोन गुणांचा प्रश्न.
मी तीन दिले.

शनिवारी बारीक, कोरडा बर्फ.
सहा सेकंद उरलेले, एक्केचाळीस यार्ड.
त्याच्या बुटानं चेंडू असा उचलला
की दोन पिवळ्या खांबांमधून पार होईपर्यंत
मी माझ्या तिसऱ्या गुणाकडे बघत होते.

मग सगळे खानावळीत, देव पाण्यात घालून.
रेडिओवर ऑल्ब्रेख्ट.
ज्यांनी तिथली मुलगी सून म्हणून नको म्हटली होती
ते दात आवळून टाळ्या वाजवत होते.
सातला ऑल्ब्रेख्ट जिंकलं.
पावणेआठला मिलर्सही.
फळ्यावरचे सगळे बाण खरे झाले,
आणि कुणी ओरडलं नाही.
एवढं खरं होण्याची सवय नव्हती कुणाला.

नवाला फोन आला. हॅरिएटनं ऐकलं,
“बरं” म्हणाली, ठेवला.
“मिलर्स.”
ओल्या फडक्यानं फळा पुसला, लिहिलं:
रविवार, भोपळ्याचं सूप.
माझा आकडा नीट पुसला गेला नाही.
सूपच्या मागे दिसत राहिला,
लायल जाताना तेवढंच वाचून गेला.

सोमवारी कोल्बी दारात, टोपी हातात.
वाटलं, किकबद्दल बोलेल,
किंवा त्या एका गुणाबद्दल, कळलं असेल तर.
“मॅम, शेवटच्या पेपरात किती पडले
तर मी पास?”

बस, म्हटलं.
टेबलावर खडू शोधला.
जर