एकच व्यक्ती

नोंदणीच्या दाखल्यावर मी एस्तेर,
मिरजेच्या सर्टिफिकेटवर इस्थर,
आधारवर, टाइप करणाऱ्याला जे ऐकू आलं ते: एसतर.
साळवे तेवढं सगळीकडे साळवे.
परिषदेतून फोन आला,
"मॅडम, या तिघी एकच आहेत असं ॲफिडेव्हिट लागेल.
त्याशिवाय नूतनीकरण होत नाही."

म्हणून नाइट संपवून नाना पेठेतून रिक्षानं
थेट शिवाजीनगर कोर्ट.
डब्यातला उपमा तसाच.

अर्जात एक रकाना असतो, कामाचे स्वरूप.
दर पाच वर्षांनी मी तिथे लिहिते
'भूल विभाग, सहाय्यक परिचारिका'
आणि उरलेली जागा रेघ मारून बंद करते,
चेकवर आकड्यापुढे मारतात तशी.

भूल डॉक्टर देतात. डोस त्यांचा, सही त्यांची,
आणि काही बिनसलं तर ती रात्रही त्यांचीच.
हे मला मान्य आहे.
माझं असतं ते त्याच्या आधीचं:
सक्शन ओढतंय का, जादाचा सिलिंडर खरंच भरलेला आहे का,
लॅरिंगोस्कोपचा दिवा दोनदा लावून बघायचा,
आणि माणसाला विचारायचं, सकाळपासून काही खाल्लंत?
"फक्त चहा."
फक्त चहात खारी असते. पुण्यात असतेच.

मग जबडा.
डावी करंगळी कानाखालच्या कोनात,
बाकीची बोटं हाडावर, मांसावर नाही.
हे सिस्टर पोन्नम्मांनी शिकवलं
माझ्याच हनुवटीवर, माझाच श्वास अडवून.
तेवीस वर्षांत करंगळी जरा वाकलीय.
हजेरीच्या मशीनला तिचा ठसा पटत नाही.

शंभरपासून उलटं मोजा, डॉक्टर सांगतात.
पंच्याण्णवच्या खाली फारसं कुणी जात नाही.
भवानी पेठेतला एक भुसार व्यापारी नव्वदवर अडला,
म्हणाला, याच्या खाली परवडत नाही,
आणि झोपला.
गणिताच्या एक निवृत्त बाई उलटं मोजायला तयारच नव्हत्या.
त्यांनी एकोणतीसचा पाढा धरला.
एकोणतीस चोक सोळोदरसे, एकोणतीस पंचे...
अडीच तासांनी नळी काढली
तर डोळे न उघडता म्हणाल्या, पंचेचाळासे.

मधले अडीच तास मी ऐकत असते.
रक्तातला ऑक्सिजन उतरला की बीपचा सूर उतरतो,
आकड्याकडे बघायच्या आधी मला कळतं.
घरी मिक्सर बंद होतानाही दचकते मी.
सामुएलनं आता नवीन मिक्सर आणलाय. तोही तसाच उतरतो.

कोर्टाच्या भिंतीलगत, निळ्या ताडपत्रीखाली टायपिस्ट.
"नाव?"
मी तिन्ही सांगितली.
तो हसला, आणि वरचा डावा दात दिसला,
कॅप बसवलेला, हलणारा.
आत गेलेली हनुवटी. आखूड मान.
पित्ताशय, कोविडच्या आदल्या वर्षी.
नळी तिसऱ्या खेपेला गेली होती
आणि तोवर ह्याचा श्वास म्हणजे
डॉक्टरांच्या इशाऱ्यावर मी दाबत असलेली काळी पिशवी.
सत्त्याण्णववर थांबला होता हा.

त्याला कसं आठवावं?
मला मास्क होता, त्याला झोप.
तो मोठ्यानं वाचत टाइप करत राहिला:
"सत्यप्रतिज्ञेवर कथन करते की
उपरोक्त तिन्ही नावांची व्यक्ती एकच असून
ती मी स्वतःच आहे."
मग चष्म्यावरून बघत,
"ओळखणारं कुणी आहे का सोबत?"

नाही, म्हटलं. कागद आहेत.

"इथे सही."
मी वाकले तेव्हा त्याचा श्वास ऐकू आला,
नाकात किंचित घरघर, पण एकसारखा.
मिनिटाला सोळा.
सही व्हायला एवढा वेळ का लागतोय
असं त्याला वाटलं असणार.