तुलनेसाठी

बर्फ वितळला की वर्षातून एकदा
आम्ही सेंट जॉन्सला जातो, मेंदू दाखवायला.
बोनाविस्टापासून चार तासांचा रस्ता, गाडी मी चालवते.
हेडलीच्या फायलीवर लिहिलंय: इजा.
माझ्या फायलीवर: तुलनेसाठी.

सख्खी बहीण मिळाली हे फार बरं झालं,
नोरीन म्हणाली होती पहिल्या वर्षी.
निम्मं तर सारखंच असतं दोघांत,
मग उरलेल्या निम्म्यात काय हललं, ते दिसतं.
तिच्या टेबलावर कागदी रुमालांचा डबा होता.
मी एकही घेतला नाही.

ती पाच शब्द सांगते. कंदील, मीठ, घोडा, जांभळा, देऊळ.
मग वेळ जावा म्हणून शंभरातून सात-सात वजा करायला लावते.
मला पाचही आठवतात, दरवर्षी, झोपेतसुद्धा.
हेडलीला मीठ आठवतं.
आणि मासा, जो तिने सांगितलेलाच नसतो.
घड्याळ काढा म्हटलं तर तो होकायंत्र काढतो,
बाराच्या जागी उत्तर,
इतकं नेटकं की नोरीन क्षणभर खोडरबर हातात धरून बसते.

त्या नळीत आधी तो जातो, मग मी.
ठकठक, ठकठक, आमच्या जुन्या डिझेल इंजिनासारखी,
थंडीत चालू व्हायला कुरकुरणारं.
हलू नका, असं कानात कुणीतरी म्हणतं.
मी हलत नाही.
त्या दिवशी हलायला हवं होतं.

नंतर फॉर्म.
डोक्याला कधी मार? नाही.
बेशुद्धी? नाही.
झोप? बरी.
खेकड्यांचा पिंजरा वर येताना विंचचा दांडा
कुणाच्या हातात होता, हा रकाना
सहा पानांत कुठेच नाही.
तुमचा मेंदू अगदी छान आहे हो, नोरीन म्हणते,
काही म्हणजे काही नाही त्यात.

परतताना व्हिटबोर्नचा फाटा गेला
की मी त्याला सांगते.
आधी सांगवत नाही, नंतर उशीर होतो.
दांडा माझ्या हातात होता, हेडली.
तू थांब म्हणालास. वारा होता. मी ऐकलं नाही.
तो माझ्याकडे बघतो. दरवर्षी तेच बघणं,
आधी कोरं, मग हळूहळू ओलं.
दरवर्षी गुडघ्यावर थोपटून म्हणतो,
जाऊ दे गं, समुद्र आहे तो.
आणि गूबीजच्या पेट्रोल पंपापर्यंत
सगळं पुसून जातं.
उतरताना विचारतो, माझ्या डोक्याला काय झालं होतं?
दोर तुटला, मी सांगते.

चार वर्षं अशी माफी मिळाली मला,
पंचेचाळीस मिनिटं टिकणारी.
खरं सांगायचं तर
मी तिचीच वाट बघत असते,
बर्फ कधी वितळतो म्हणून.

यंदा पाचवं.
व्हिटबोर्न गेलं. धुकं होतं, रस्त्याकडेला
मूसपासून सावध राहा अशी पाटी.
दांडा माझ्या हातात होता, मी म्हटलं,
आता पाठ झालेल्या आवाजात.
तो काचेतून बाहेरच बघत राहिला.
मग म्हणाला,
हे तू मला मागेही सांगितलं होतंस.

गुडघ्यावर हात आला नाही.

गूबीजला त्याने दोन चहा आणले.
माझा बिनसाखरेचा, न विचारता.
डोक्याबद्दल काही बोलला नाही.
पुढे क्लॅरनव्हिलपर्यंत मी रेडिओ लावला,
हवामान सांगत होते, त्याने बंद केला.

घरी न्यायचा एक कागद असतो दरवेळी,
जवळच्या माणसाने भरायचा, आठवड्यात टपालाने पाठवायचा.
प्रश्न चौदा: गेल्या वर्षभरात
स्मरणात काही सुधारणा जाणवली का?
होय म्हणायला हवं. नोरीनला केवढा आनंद होईल,
वाट बघून बघून तिचे केस पिकायला लागलेत.

अकरा दिवस झाले.
कागद ओट्यावर आहे, मीठदाणीखाली.
हेडली सकाळी चहा करतो, तो उचलतो,
वाचतो की नाही कोण जाणे,
आणि पुन्हा तसाच ठेवतो,
मीठदाणी नीट मधोमध.