घुर्बाल म्हणजे चाळण

स्फाक्स शहरात शाझली घुर्बाल दोन होते.
एक बाब दिवानच्या आत, मोठ्या मशिदीमागे,
'नियत' या एकाच शब्दावर बावीस वर्षं लिहीत बसलेला.
दुसरा बंदराकडे, नाटकघराच्या वरच्या खोलीत,
रेडिओवर कंजूष सासऱ्याचा आवाज काढणारा.
त्याच्या खोकल्यालासुद्धा लोक हसत.

घुर्बाल म्हणजे आमच्याकडे चाळण.
आणि चाळत बसायची मी,
टपाल कचेरीतली मुफीदा, खिडकी क्रमांक तीन,
फॉस्फेटच्या गाडीची पांढरी धूळ
रोज सकाळी टेबलावरून पुसून.

पाकिटावर लोक नाव लिहीत, आणि गाव. बस.
अत्तराचा वास आला तर बंदराकडे,
मागे बिस्मिल्ला असेल तर मशिदीकडे,
असा माझा साधा हिशेब. दर आठवड्याला चुके.
शेखसाहेबांना शाळकरी मुलगी विचारी,
तुमच्या मिशा खऱ्या का चिकटवलेल्या?
नटाला गाफ्साच्या खाणीतून कुणी विचारी,
खाली पाणी नसतं, वुजूशिवाय नमाज होते का?
शेखसाहेबांनी उत्तर धाडलं: खऱ्या, दाढीसकट.
नट खिडकीशी आला, टोपी काढून म्हणाला,
"बाई, ही पत्रं मला नका देऊ.
मी काही लिहिलं तर तो बिचारा खरं मानेल."
दोघं भेटले नव्हते कधीच.
एक नाटकाला जात नसे,
दुसरा शुक्रवारी दुपारपर्यंत उठत नसे.

मग महदियाहून निळं पाकीट आलं.
गोंद सुटलेला. मी वाचलं.
सदतीस वर्षांच्या नोकरीत एकदाच.
बरं, तीनदा.

*मी दुरसाफ. फिरत्या नाटकमंडळीत असते.
नाटकात माझा नवरा माझा नवराच होतो.
तिसऱ्या अंकात तो मला तीनदा तलाक देतो,
लोक टाळ्या वाजवतात, पडदा पडतो,
आणि आम्ही एका ताटात जेवतो.
मागच्या गुरुवारी त्यानं तो शब्द उच्चारला
आणि नेहमीसारखं माझ्याकडे पाहिलं नाही.
मी अजून त्याची बायको आहे का?*

आता हे कुणाचं?
तलाकचं मशिदीमागे विचारता येईल.
पण गुरुवारी न पाहणं,
ते कुठल्या पत्त्यावर टाकायचं?
दोन दिवस पाकीट माझ्या खणात पडून.
चाळणीनं सुईला नावं ठेवावीत
तशी मी हिशेब चुकवणाऱ्या जगाला नावं ठेवत होते.
शेवटी नटाला दिलं.
वाचून तो हसला नाही.
टोपी खिडकीतच विसरून
उन्हात निघाला, बाब दिवानच्या दिशेनं.

तेराव्या दिवशी उत्तर टपालात पडलं.
उजेडाकडे धरलं मी (माझी खोड जात नाही).
हस्ताक्षरं दोन:
एक मुंग्यांच्या रांगेसारखं,
एक फळ्यावर लिहावं तसं ऐसपैस.
खाडाखोड फार. एके जागी तर भांडण झालं असावं,
कागद फाटायला आलेला.
खाली नाव एकदाच.
मजकूर काही लागला नाही.

पुढे दर वर्षी महदियाहून
जैतुनाच्या साबणाची पेटी येऊ लागली.
पाठवणाऱ्याच्या जागी तिचं एकटीचं नाव, की दोघांचं,
ते मला विचारू नका. टपालाचीही काही अब्रू असते.

एका हिवाळ्यात त्यांतला एक घुर्बाल गेला.
वर्तमानपत्रात दोन ओळी, फोटो नाही.
शोकाच्या एकेचाळीस तारा आल्या,
शाझली घुर्बाल यांच्या कुटुंबास.
गेलेल्याला कुटुंब नव्हतं.
मी त्या उरलेल्याकडे नेल्या.

त्यानं दार उघडलं, तारा मोजल्या,
उंबऱ्यावरच बसून एकेक वाचली.
दोनदा थांबला, चष्मा पुसायला.
मग पावत्यांवर सह्या केल्या,
एकेचाळीस.
शेवटच्या काही सह्यांत अक्षर बदललेलं होतं
असं मला वाटलं.
पण धूळ होती, आणि माझे डोळे तेव्हापासूनच अधू.