डझन

गंगाखेडच्या बाजारात माझं दुकान.
दुकान म्हणजे दीड खण, एक ट्यूबलाइट, आणि काच.
हात वाचायचं काम आपलं.
पंजा दाबला की कळतं
कुणाला सव्वादोन, कुणाला अडीच,
कोण अजून राखेनं भांडी घासते,
कोण आत्ताच रडून आली.
'हात ढिला सोडा,' म्हणतो. सोडतात.

घरचा हात मात्र वाचता आला नाही.

प्रांजली नववीत गेली
आणि कोपराच्या घडीत, मनगटाभोवती
कातडी आधी लाल झाली, मग खरबरीत, मग ओली.
त्याच साली गालावर मुरूम उठला.
आमच्याकडं रस्त्यावर टाकतात तोही मुरूमच.
वर्गातली पोरं म्हणाली,
हिच्या तोंडावर टिप्पर खाली झाला.
घरी येऊन तिनं हे हसत सांगितलं.
जेवली नाही.

मग सल्ले.
लिंबू चोळा, पाला वाटून लावा,
टूथपेस्ट लावून झोपव म्हणाली एक,
'रक्तच खराब असंल,' दुसरी,
तिसरीनं गजकर्ण समजून
आपल्या लेकीला बाकावरून उठवलं.

आणि मी.
ती ट्यूब मी आणली.
मेडिकलवाल्यानं कुणाला, कशाला, काही विचारलं नाही.
पंचेचाळीस रुपये, खोक्यावर गुलाबी फूल.
आठ दिवसांत गाल असा उजळला
की बायको मीठमोहऱ्या घेऊन बसली.
दोन महिन्यांनी ट्यूब संपली,
दुसरी आणायला चार दिवस उशीर झाला,
आणि चेहरा पेटला.
उन्हात नाही. सावलीत, पंख्याखाली.

'काय लावायलीस गं?' परभणीच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.
'असंच, काहीतरी,' म्हणाली,
माझ्याकडं बघितलं नाही.
बघितली असती तर बरं वाटलं असतं.

बाईंनी चिठ्ठीच्या मागं चित्र काढलं :
विटा, आणि विटांमधला गारा.
हिचा गारा जन्मापासून पातळ आहे, म्हणाल्या,
इसब म्हणतात याला. रक्त चांगलं आहे.
शेजारी बसून कुणाला होत नाही.
उग्र साबण बंद. कोमट पाणी, एकच बादली.
टिपायचं, पुसायचं नाही,
अंग ओलसर आहे तोवर मलम, हात आखडू नका.
गालाला मात्र वाटाण्याएवढं औषध,
रात्री, सगळ्या चेहऱ्याला मिळून तेवढंच.
फोडायचं नाही. तीन महिने आरशाशी भांडायचं नाही.
'आणि ती ट्यूब?'
'तसलं औषध मीसुद्धा देते.
कोपराला, मोजून, थोडे दिवस.
तोंडाला नाही. मनानं तर नाहीच.'

एकाच पोरीच्या अंगावर दोन ऋतू.
इकडं ओल धरायची, तिकडं ओल काढायची.
बोअरचं पाणी असं जड
की बादलीला पांढरा थर चढतो,
तो खरवडताना मी बायकोला म्हणालो, हे आपण तिला घालत होतो.
बायको म्हणाली, आपणही तेच घेतो की.
हेही खरंच.

दहावीच्या फॉर्मला फोटो काढला
तर स्टुडिओवाल्यानं माऊस फिरवून गाल साफ केले.
ती म्हणाली, दादा, परत टाका ते.
परीक्षेला मी बसणाराय, ही कोण?
त्यानं टाकले. दोन-तीन राहिले असतील म्हणाला.

बांगड्या घालत नाही. मीही घाल म्हणत नाही.
रविवारी गल्ल्यावर बसते,
एखादीचे भेगाळलेले हात बघून
हळूच म्हणते, मावशी, साबण बदला.

रात्री झोपेत खाजवते अजून.
मधल्या भिंतीतून येतो आवाज,
फरशीवर पोतं ओढल्यासारखा.
मी उठत नाही. उठलो की ती जागी होते,
ओशाळते, हात पांघरुणात लपवते.
पडल्या पडल्या मोजतो.
कधी बारात थांबतं.
कधी दोन डझन लागतात.